साहेबांवर दावा टाकता येतो, पण दिवस मोजून

आधी प्रश्न थोडक्यात सांगते. सोलापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या ठिकाणी एका गृहस्थांची पत्र्याची शेड होती. तिथे आठ शिलाई मशीन आणि सोलापूरच्या व्यापाऱ्यांचं शाळेच्या गणवेशाचं जॉबवर्क. 14 मे रोजी, म्हणजे ऐन सीझनच्या तोंडावर, नगरपरिषदेच्या माणसांनी जेसीबी आणून शेड पाडली. हाती दिलेल्या नोटिशीवर नाव शेजाऱ्याचं आणि सिटी सर्व्हे नंबरही शेजाऱ्याचाच होता. मुलाने नोटीस दाखवून सांगायचा प्रयत्न केला, तेव्हा समोरचे अधिकारी म्हणाले, "जे काय आहे ते ऑफिसात येऊन सांगा." त्यानंतर यांनी मुख्याधिकाऱ्यांकडे, जिल्हाधिकारी कार्यालयात आणि ऑनलाइन पोर्टलवर असे तीन अर्ज केले. आता सप्टेंबर उजाडला. कुणीतरी सांगितलं, "सरकारी अधिकाऱ्यावर दिवाणी दावा चालतच नाही, कायद्याने संरक्षण आहे." हे खरं का, असं ते विचारतात.

मी गेली सव्वीस वर्षं सोलापूरच्या दिवाणी कोर्टात वकिली करते. आठवड्यातून एकदा तरी हे वाक्य माझ्या टेबलासमोर कुणीतरी म्हणतं. ते अर्धंच खरं आहे, आणि त्या अर्ध्या सत्यापायी लोक घरी बसून राहतात.

दादा, तुमची सगळ्यात मोठी अडचण अधिकाऱ्याचं संरक्षण ही नाही. तुमची अडचण 14 नोव्हेंबर ही आहे. महाराष्ट्र नगरपरिषदा, नगरपंचायती व औद्योगिक नगरी अधिनियम, 1965 याचं कलम 304 सांगतं की नगरपरिषदेविरुद्ध किंवा तिच्या अधिकाऱ्याविरुद्ध त्या कायद्याखाली केलेल्या कृतीबद्दल दावा करायचा तर आधी लेखी नोटीस द्यावी लागते, नोटिशीनंतर एक महिना थांबावं लागतं, आणि दावा कारण घडल्यापासून सहा महिन्यांच्या आत दाखल व्हावा लागतो. महानगरपालिकेच्या हद्दीत राहणाऱ्यांसाठी 1949 च्या महानगरपालिका अधिनियमाचं कलम 487 आहे, तिथेही एक महिना आणि सहा महिने. पोलिसांविरुद्ध असेल तर महाराष्ट्र पोलीस अधिनियम, 1951 चं कलम 161, आणि तिथेही हाच हिशेब. एरवी नुकसानभरपाईच्या दाव्याला लोक तीन वर्षांची मुदत धरून चालतात. इथे सहाच महिने आहेत, आणि त्यातले साडेतीन तुम्ही अर्जांत घालवलेत.

हे टोचून बोलण्यासाठी म्हणत नाही. वकिलीच्या सुरुवातीच्या वर्षांत माझ्याकडे जिल्ह्यातल्याच एका छोट्या शहरातली विडी वळणारी बाई आली होती. गटाराच्या कामात तिच्या घराची एक भिंत पडली होती. तिच्या पिशवीत अर्जांच्या चौदा पोचपावत्या होत्या, एकावर एक लावून सुतळीने बांधलेल्या. तिला भेटलेला अधिकारी वाईट माणूस नव्हता, प्रत्येक वेळी "बघतो मावशी" म्हणायचा. ती माझ्याकडे आली तेव्हा आठ महिने झाले होते. मी दावा टाकला, जमेल तेवढा युक्तिवाद केला, आणि दावा मुदतबाह्य म्हणून गेला. भिंत पडली होती हे कुणी नाकारलंही नव्हतं. बाहेर आल्यावर ती एवढंच म्हणाली, "पण साहेब बघतो म्हणाले होते की." त्या पोचपावत्या मला अजून दिसतात. अर्ज, निवेदन, पोर्टलवरची तक्रार, पालकमंत्र्यांना दिलेलं पत्र, यातल्या कशानेही मुदतीचं घड्याळ थांबत नाही.

आता संरक्षणाबद्दल, कारण प्रश्न त्याचा आहे.

आपल्याकडे "सरकारी अधिकारी" या खुर्चीला सरसकट माफी नाही. माफी असते ती विशिष्ट कृतीला, आणि तीही अटींवर. सगळ्यात भक्कम संरक्षण न्यायदानाचं काम करणाऱ्याला आहे. 1850 चा न्यायिक अधिकारी संरक्षण अधिनियम अजून लागू आहे. न्यायिक काम करताना दिलेल्या हुकुमाबद्दल न्यायाधीश, दंडाधिकारी, जिल्हाधिकारी यांच्यावर दिवाणी दावा होत नाही. अधिकारक्षेत्राच्या बाहेर जाऊन हुकूम दिला असला तरीसुद्धा नाही, फक्त त्या वेळी आपल्याला अधिकार आहे असं त्यांना प्रामाणिकपणे वाटत असायला हवं. म्हणून शेतरस्त्याच्या वादात मामलेदार न्यायालय अधिनियमाखाली तहसीलदारांनी चुकीचा निकाल दिला, तर त्यांच्यावर नुकसानभरपाईचा दावा टाकायला येणाऱ्यांना मी परत पाठवते. तिथे पुनरीक्षण, म्हणजे वरिष्ठांकडून निकाल तपासून घेणं, हाच रस्ता. आणि हे संरक्षण मला योग्यही वाटतं. निकाल देणाऱ्याला हरलेल्या प्रत्येक पक्षकाराच्या दाव्याची भीती असेल, तर तो निकाल देणारच नाही, नुसत्या तारखा देत राहील.

पण जेसीबीजवळ उभा राहणारा अधिकारी निकाल देत नसतो, तो अंमल करत असतो. त्याला मिळतं ते "सद्भावनेचं" संरक्षण. महानगरपालिका अधिनियमाचं कलम 486 या धर्तीचं आहे, आणि बहुतेक प्रत्येक कायद्याच्या शेवटी असं एक कलम असतं: या कायद्याखाली सद्भावनेने केलेल्या गोष्टीबद्दल दावा नाही. इथे एक बारीक गोम आहे, नवे वकीलही तिच्यात अडकतात. फौजदारी कायद्यात सद्भावना म्हणजे योग्य ती काळजी आणि लक्ष देऊन केलेली कृती. पण इतर कायद्यांसाठी सामान्य वाक्यखंड अधिनियमातली (जनरल क्लॉजेस ॲक्ट) व्याख्या लागते, आणि ती म्हणते की गोष्ट प्रामाणिकपणे केली असेल, तर ती निष्काळजीपणे केली असली तरी सद्भावनाच. म्हणजे "साहेबांनी नंबर नीट बघितला नाही" एवढंच सिद्ध करून साहेबांच्या खिशाला हात लागत नाही. सांगितल्यावरही, नोटीस नाकासमोर धरल्यावरही त्यांनी बघायचं नाकारलं, हे सिद्ध करावं लागतं. तुमच्या मुलाने नोटीस दाखवली होती, हा तुमच्या प्रकरणातला सगळ्यात मोलाचा मिनिट आहे. त्या वेळचा मोबाइलवरचा व्हिडिओ कुणाकडे असेल तर आजच मिळवा, मूळ फोन जपून ठेवा, आणि आजूबाजूला उभी असलेली दोन-तीन माणसं कोण होती ते तारीख-वेळ घालून लिहून काढा.

परवा एका पक्षकाराच्या मुलाने मला अमेरिकेतल्या पोलिसांचे व्हिडिओ पाठवले आणि विचारलं, "मॅडम, आपल्याकडेही असंच ना?" नाही. तिथे 1871 च्या नागरी हक्क कायद्याखाली अधिकाऱ्यावर व्यक्तिशः दावा करता येतो. पण 1982 च्या हार्लो विरुद्ध फिट्झगेराल्ड या निकालानंतर तिथलं कोर्ट अधिकाऱ्याच्या मनात काय होतं हे विचारत नाही. जो हक्क मोडला तो त्या वेळी कायद्याने स्पष्टपणे प्रस्थापित होता का, एवढंच विचारतं. तसा नसेल तर अधिकारी सुटतो. आपल्याकडे कोर्ट आधी पाहतं ते कृती कोणत्या कायद्याखाली झाली हे, आणि मग त्यातला प्रामाणिकपणा. त्यामुळे तिकडचे दाखले इकडे चालत नाहीत.

सोलापूरकरांना माफीचा आणखी एक प्रकार ठाऊक असायला हवा, कारण तो आपल्या शहराच्या आठवणीत आहे. 1930 च्या मे महिन्यात इथे मार्शल लॉ लागला होता. लष्करी कायदा उठल्यावर त्या काळात अधिकाऱ्यांनी केलेल्या कृत्यांना कायदा करून माफी द्यायची, ही ब्रिटिशांची जुनी रीत. राज्यघटनेच्या अनुच्छेद 34 मध्ये संसदेला तसा अधिकार अजूनही आहे. चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांवरून कोर्टात जाताना मला हे कलम आठवतं. पण ती माफी अपवादात्मक परिस्थितीची आहे. शेड पाडणाऱ्याला ती लागत नाही.

अधिकारी वेगळा आणि त्याची संस्था वेगळी, हेही लोक एकत्र करतात. सरकारच्या जबाबदारीची गोष्ट 1861 पासून सुरू होते. कलकत्त्याच्या सरकारी गोदीतल्या कामगारांच्या हयगयीने पी अँड ओ या जहाज कंपनीचा घोडा जखमी झाला आणि सरकारला भरपाई द्यावी लागली. पण त्याच निकालातून पुढे "सार्वभौम काम" (जे फक्त राज्यच करू शकतं) आणि "इतर काम" हा भेद रूढ झाला. 1962 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राजस्थान सरकारला जबाबदार धरलं, कारण दुरुस्तीहून परत आणल्या जाणाऱ्या कलेक्टरच्या जीपखाली माणूस मेला होता. दोनच वर्षांनी, 1964 मध्ये, कस्तुरीलालच्या निकालात उलट झालं. अमृतसरच्या सराफाचं शंभरावर तोळे सोनं मेरठच्या कोतवालीत जमा होतं. हेड कॉन्स्टेबल ते घेऊन पाकिस्तानात पळाला. कोर्ट म्हणालं, अटक आणि जप्ती हे सार्वभौम काम, सरकार भरपाई देणं लागत नाही. हा निकाल आजवर नावाने रद्द झालेला नाही, म्हणून सरकारी वकील तो अजून काढतात. पण 1994 च्या नागेंद्र राव प्रकरणात जप्त केलेलं खत सडून गेलं, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने सरकारला भरपाई भरायला लावली आणि कस्तुरीलालचा आधार बराच आखडून टाकला. विधी आयोगाने तर 1956 च्या पहिल्याच अहवालात राज्याच्या जबाबदारीवर स्वतंत्र कायदा करा असं सांगितलं होतं. तो कायदा अजून झालेला नाही, आणि मला याचा मनापासून राग आहे. कारण कायदा नसल्यामुळे प्रत्येक पीडिताला हा सगळा इतिहास नव्याने लढावा लागतो.

आपल्या राज्यातलं उदाहरण द्यायचं तर अच्युतराव खोडवा विरुद्ध महाराष्ट्र राज्य. 1963 मध्ये औरंगाबादच्या सरकारी रुग्णालयात शस्त्रक्रियेनंतर एका बाळंतिणीच्या पोटात टॉवेल राहिला आणि ती गेली. खालच्या कोर्टाने 36,000 रुपये भरपाईचा हुकूमनामा दिला, उच्च न्यायालयाने तो फिरवला. 1996 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो पुन्हा कायम केला आणि सांगितलं की रुग्णालय चालवणं हे सार्वभौम काम नव्हे. तेहतीस वर्षं लागली त्याला.

तुमच्या बाबतीत हा वाद फारसा येणार नाही. नगरपरिषद म्हणजे राज्य सरकार नव्हे. ती स्वतंत्र कायदेशीर व्यक्ती आहे, ती दावा करू शकते आणि तिच्यावर दावा होऊ शकतो. आणि तुमच्या बाजूने एक ताजा, जोरकस निकाल आहे. 13 नोव्हेंबर 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाने पाडकामाबाबत देशभरासाठी निर्देश दिले. मालकाला नोंदणीकृत टपालाने नोटीस द्यायची, ती बांधकामावर चिकटवायची, किमान पंधरा दिवस द्यायचे, म्हणणं ऐकून घ्यायचं, कारणांसह आदेश काढायचा, पाडकामाचं चित्रीकरण करायचं. हे मोडलं तर अवमानाची कारवाई होईलच, शिवाय पाडलेली मालमत्ता पूर्ववत करण्याचा खर्च जबाबदार अधिकाऱ्यांकडून वैयक्तिकरीत्या वसूल होईल आणि नुकसानभरपाई वेगळी. नोटीस शेजाऱ्याच्या नावाची असेल, तर तुम्हाला नोटीस मिळालीच नाही असं सरळ म्हणता येतं.

मात्र याच निकालात एक अपवाद आहे, आणि समोरचा वकील पहिल्याच कैफियतीत, म्हणजे लेखी उत्तरात, तो मांडणार हे मी आज लिहून देते. रस्ता, पदपथ, रेल्वेमार्ग, नदी अशा सार्वजनिक जागेतल्या अनधिकृत बांधकामाला हे निर्देश लागू नाहीत. ते म्हणतील, शेड रस्त्यात होती. म्हणून मिळकत पत्रिकेचा (प्रॉपर्टी कार्डाचा) ताजा उतारा काढा आणि भूमी अभिलेख कार्यालयात द्रुतगती मोजणीचे पैसे आजच भरा. मोजणीची 'क' प्रत, म्हणजे मोजणीचा अधिकृत नकाशा, हातात असेल, तर अर्धा दावा तिथेच उभा राहतो. शेडचा दोन-चार फूट भाग खरंच रस्त्यात येत असेल, तर ते माझ्यापासून किंवा तुमच्या वकिलापासून लपवू नका. उरलेल्या भागापुरतं नुकसान मागता येतं. लपवलेली गोष्ट उलटतपासात बाहेर आली की मग सगळंच जातं.

दावा कुणावर? मुख्य प्रतिवादी नगरपरिषद, मुख्याधिकाऱ्यांमार्फत. त्या दिवशी हजर असलेल्या अधिकाऱ्याला नावाने, वैयक्तिकरीत्या पक्षकार करायचं का, हा विचार रागाच्या भरात करू नका. दुर्हेतूचा आरोप करायचा तर त्या माणसाला नावाने समोर आणावंच लागतं, आणि नुसतं "हेतुपुरस्सर" लिहून चालत नाही, कोर्ट तपशील मागतं. तुमच्याकडे मुलाची साक्ष आणि व्हिडिओ असेल तर मी नाव घालीन. नसेल तर संस्थेवरच लक्ष ठेवीन. सर्वोच्च न्यायालयाने 1993 मध्ये लखनौ विकास प्राधिकरणाच्या निकालात म्हटलं होतं की छळाची भरपाई आधी खात्याने द्यावी आणि मग ती जबाबदार अधिकाऱ्यांकडून वसूल करावी. तशी मागणी दाव्यात जरूर घाला. पैसे संस्थेकडून लवकर मिळतात, एका माणसाच्या पगारातून नाही. बंदोबस्ताला आलेल्या पोलिसांना मात्र ओढू नका. त्यांनी काही केलेलं नाही, आणि त्यांच्यासाठी वेगळी नोटीस, वेगळं कलम, वेगळी कटकट.

जिल्हाधिकारी किंवा तहसीलदार यांच्या हुकुमाने पाडकाम झालं असतं, तर दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम 80 आलं असतं: दोन महिन्यांची नोटीस. ती पुरी होण्याआधी टाकलेला दावा चालत नाही, हे 1984 च्या बिहारी चौधरी निकालापासून पक्कं आहे. तातडी असेल तर कोर्टाच्या परवानगीने नोटिशीशिवायही येता येतं, ही सोय 1976 च्या दुरुस्तीने झाली. पण सरकारचं म्हणणं ऐकल्याशिवाय तात्पुरता हुकूम मिळत नाही. महसूल अधिकाऱ्यांच्या कृतीबद्दल सरकारवर दावा करायचा तर 1876 च्या महसूल अधिकारिता अधिनियमाप्रमाणे आधी उपलब्ध अपिलं संपवावी लागतात. तुमच्या प्रकरणात याची गरज दिसत नाही, पण वाचणाऱ्यांपैकी कुणाला तरी लागेल. आणखी एक गैरसमज: "शासनाची मंजुरी घ्यावी लागते." ती फौजदारी खटल्यासाठी, पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम 197, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 218. दिवाणी दाव्याला मंजुरी लागत नाही.

नोटिशीत काय लिहायचं? तुमचं नाव, पत्ता, 14 मेला काय झालं, कोणती जागा, किती नुकसान, काय मागणी. भाषा साधी ठेवा, शिव्याशाप नकोत. रक्कम हवेत लिहू नका. आठ मशीनची बिलं, पत्र्याचं-लोखंडाचं बिल, वीजबिल, कराच्या पावत्या, व्यापाऱ्यांची जॉबवर्कची चलनं आणि गेल्या दोन वर्षांच्या मे-जूनमधली कमाई बँक खात्यातून दिसेल अशी. एखाद्या अभियंत्याकडून नुकसानीचा अंदाज लिहून घ्या. मोडलेल्या मशीन भंगारात विकू नका. कितीही जागा अडली तरी नको. नोटीस नोंदणी आणि पोचपावतीसह स्पीड पोस्टाने पाठवा (पूर्वीचं रजिस्टर टपाल 2025 मध्ये त्यातच विलीन झालं) आणि त्याच दिवशी एक प्रत नगरपरिषदेच्या आवक विभागात देऊन दुसरीवर शिक्का, आवक क्रमांक आणि तारीख घ्या. उत्तर येईलच असं नाही. सरकारं नोटिशीला उत्तर देत नाहीत किंवा गुळमुळीत देतात, यावर सर्वोच्च न्यायालयाने 2005 च्या सेलम बार असोसिएशनच्या निकालात नाराजी व्यक्त केली होती. फारसं बदललं नाही. महिना संपला की उत्तराची वाट न बघता दावा टाका. सोबत माहिती अधिकारात पाडकामाची पूर्ण फाइल, टिपणीसह, मागा. त्याला 30 दिवस, म्हणजे नोटिशीच्या महिन्यातच बसतं.

नोटिशीचा महिना मुदतीतून वगळून मिळतो असा युक्तिवाद मुदत अधिनियमाच्या कलम 15 वर करता येतो. तो वकिलासाठी राखून ठेवा, तुम्ही त्याच्यावर विसंबू नका. मध्ये दिवाळीची सुट्टीही आहे.

उरलेली भिंतही पाडणार अशी कुणकुण लागली, तर महिनाभर थांबत बसू नका. राज्यघटनेच्या अनुच्छेद 226 खाली उच्च न्यायालयात जाता येतं, आणि 18 ऑगस्ट 2025 पासून आपल्या जिल्ह्याचं काम कोल्हापूरच्या सर्किट बेंचपुढे चालतं. पूर्वी यासाठी मुंबईला जाऊन राहावं लागायचं, छोट्या माणसाला ते परवडायचंच नाही. पण नुकसानीचा आकडा पुराव्यानिशी ठरवून घ्यायचा तर दिवाणी दावाच बरा.

आज 3 सप्टेंबर. 10 तारखेच्या आत नोटीस पोचली, तर 10 ऑक्टोबरला महिना भरतो आणि दाव्यासाठी तुमच्या हातात जेमतेम महिनाभर उरतो. मिळकत पत्रिका, शेजाऱ्याच्या नावाची ती मूळ नोटीस आणि तिन्ही अर्जांच्या पोचपावत्या घेऊन तुमच्या तालुक्यातल्या दिवाणी काम करणाऱ्या वकिलाकडे उद्याच जा, आणि जाताना मुलाला बरोबर न्या. त्याने काय पाहिलं आणि काय ऐकलं, हे त्याच्याच शब्दांत पहिल्या दिवशी लिहून घेतलं पाहिजे.